रत्नाक्कांचे दहापैकी दहा

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रोज सकाळी साडेनऊला एक बाई टेबलाशी बसते, घरून आणलेल्या पाण्यानं चूळ भरते आणि बशीतला भाजका शेंगदाणा उचलते. तिनं मान हलवली की माल पुढं दळायला जातो. नाही हलवली तर सगळी भाजणी बाजूला पडते. बाईचं नाव रत्नाबाई मगदूम, गाव हेरले, वय छप्पन्न, शिक्षण सातवी. कारखान्यात सगळे त्यांना रत्नाक्का म्हणतात, मालक अमरसिंहसुद्धा. इंग्लंडमध्ये 'थॉर्नली' नावाचं पीनट बटर पावाला लावून खाणारी जी काही माणसं असतील, त्यांच्या जिभेवर काय पडावं हे या बाई ठरवतात. त्या माणसांना याचा पत्ता नाही, आणि रत्नाक्कांना त्याचं काही वाटत नाही. राग मला येतो.

मी आकाराम. शाहूपुरीत माझं टायपिंगचं आणि भाषांतराचं दुकान आहे. खरेदीखतं, वारसदाखले, परदेशी जाणाऱ्या पोरांचे जन्मदाखले, जे येईल ते मी मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करून देतो. तीस वर्षं हा धंदा केल्यावर माणसाला एक खोड लागते. जगातले सगळे शब्द आपल्याला येतात असं वाटायला लागतं. मला ती खोड अंमळ जास्तच लागली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते त्याच खोडीपायी घडलं.

आठ वर्षांपूर्वी या कारखान्यात थॉर्नलीच्या बाटल्या भरायला सुरुवात झाली. इंग्लंडच्या कंपनीची अट अशी की कामगारांना जे सांगायचं ते त्यांच्या भाषेत लिहून द्यायचं, आणि चव घेणारी माणसं जे लिहितील ते जसंच्या तसं इंग्रजीत कळवायचं. दोन्ही बाजूंची ओझी वाहायचं काम माझ्याकडं आलं. कारखान्यात माल तपासायचं खातं वर्षाराणी सावंत बघते. अन्नतंत्रज्ञान शिकलेली, तिशीची, कामाला चोख मुलगी आहे. ती कागद पाठवायची, मी मराठी करून परत द्यायचो.

पहिल्याच कागदाला मी तोंडावर पडलो. 'पीनट बटर'चं मी ऐटीत 'दाण्याचं लोणी' केलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्षाराणीचा फोन आला की चव घेऊन बघायला बोलावलेल्या दाणे निवडणाऱ्या बायकांपैकी निम्म्या हात बांधून बसल्या आहेत, तुम्ही या. गेलो. सगळ्यांच्या वतीनं रत्नाक्काच बोलल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ह्यात लोणी असेल तर आम्ही जैन बायका ते तोंडात घालणार नाही. त्यांच्यात लोणी काढलं की लगेच कढवायचं असतं, ठेवलेलं लोणी खात नाहीत. मी शपथेवर सांगितलं की ह्यात लोण्याचा थेंब नाही, इंग्रज उगाच बटर म्हणतो. मग त्या म्हणाल्या, "मग नाव तसं कशाला लिवलंयसा?" तेव्हापासून कागदावर 'दाण्याची पेस्ट' असं लिहितो आणि बायका तिला 'पेस' म्हणतात.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. आपण लिहितो ते कोण वाचणार आहे, त्यांना काय चालतं, काय नाही, हे बघून शब्द टाकायचा. ह्या शहाणपणाचा मला पुढं फार अभिमान वाटायचा.

रत्नाक्का मूळच्या रुकडीच्या. वडिलांची दोन एकर माळाची जमीन होती आणि त्यात भुईमूग. शेंगा उपटायच्या दिवसांत घरातली सगळी पोरं शेतात, आणि शेंगा तोडता तोडता खाणं चालूच. त्या सांगतात की नासका दाणा ओळखायला त्या तिथंच शिकल्या, कारण तोंडाला कडू लागला की पुढच्या दहा दाण्यांची मजा जाते. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन हेरल्यात आल्या. नवरा धनपाल, दीड एकराचा शेतकरी, बोलायला तिरसट पण मनानं सरळ. लग्नाच्याच वर्षी गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. नव्या सुनांनी त्यांच्यापुढं बसून नेम घेतले, तसे रत्नाक्कांनीही घेतले. रात्री जेवायचं नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, मध आयुष्यात शिवायचा नाही. जन्मच जैन घरातला असल्यानं ह्यातलं त्यांना नवं काहीच नव्हतं. पण घरात चालतं म्हणून पाळणं वेगळं आणि आपल्या तोंडानं कबूल करून पाळणं वेगळं, असं त्या म्हणतात.

एकविसाव्या वर्षी त्या दाणे निवडायच्या कामाला लागल्या. अमरसिंहांच्या वडिलांची तेव्हा मार्केट यार्डात पत्र्याची शेड होती. पन्नास-साठ बायका सूप घेऊन बसायच्या आणि खराब दाणा बाजूला काढायच्या. बाकीच्या डोळ्यांनी निवडायच्या, ह्या वासानं. सूप एकदा हलवून नाकाशी नेलं की ह्यात खवट आहे की नाही ते त्या सांगायच्या. बायका हसायच्या, मुकादमही हसायचा.

शहाण्णव साली थॉर्नलीचा एक लांबलचक साहेब शेंगदाणा खरेदी करायला आला. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली. साहेबानं खिशातून पुडी काढली, मोजून सात खवट दाणे एका सुपात मिसळले आणि सूप रत्नाक्कांपुढं ठेवलं. त्यांनी पाच मिनिटांत आठ दाणे काढले. साहेब हसला, मुकादमानं कपाळावर हात मारला. रत्नाक्कांनी आठवा दाणा चिमटीत धरून साहेबापुढं केला. साहेबानं तो चावला आणि बाहेर जाऊन थुंकला. संध्याकाळी त्यानं त्या शेडमधला सगळा माल घेतला. थॉर्नली आणि कोल्हापूर यांची गाठ अशी पडली. हे मला तिथल्या चार म्हाताऱ्या कामगारांनी वेगवेगळं सांगितलंय आणि चौघांच्या सांगण्यात दाण्यांचा आकडा एकच आहे.

कारखाना शिरोलीत आला, बाटल्या भरायला लागल्या, तशी चव घ्यायला पाच माणसांची समिती नेमली गेली. रत्नाक्का त्यात पहिल्या. त्यांची पद्धत अशी. सकाळी चहा नाही. कांदा-लसूण घरात नाहीच, त्यामुळं जीभ धुतल्या पाटीगत कोरी असते असं वर्षाराणी म्हणते. दाण्याचं साल बोटानं काढायचं, दोन पाकळ्या करायच्या, आधी वास, मग चव. अष्टमी-चतुर्दशीला त्यांचा उपवास असतो. त्या दिवशी कारखान्यात चव घेतली जात नाही. वर्षाराणीच्या केबिनमध्ये कॅलेंडरवर त्या तारखांना गोल केलेले आहेत. इंग्लंडहून एकदा विचारणा झाली की महिन्यातून चार दिवस तपासणी का थांबते. मी कळवलं, 'काही स्थानिक तांत्रिक कारणांमुळे'. तेही मला मोठं चातुर्य वाटलं होतं.

त्यांचे शेरे इंग्रजीत नेताना मात्र माझी दमछाक व्हायची. कच्चवट, करपट, खवट इथपर्यंत ठीक. एकदा त्यांनी 'मातकट' असं लिहिलं. मी मातीसारखं, धुळीसारखं, ओल्या पोत्यासारखं अशी तीन भाषांतरं पाठवली. तिकडच्यांनी तिन्ही नाकारली आणि स्वतः चाखून बघितलं. मग त्यांचा मेल आला की आता समजलं, ह्याला आमच्याकडं शब्द नाही, आम्ही तुमचाच लिहू. तेव्हापासून थॉर्नलीच्या फॉर्मवर इंग्रजी अक्षरांत 'मातकट' असा एक रकाना आहे.

गुण देण्यात रत्नाक्का कंजूष. आठाच्या वर त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. दहा कशाला देत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की अजून तसं काही तोंडात आलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी थॉर्नलीला सत्तर वर्षं झाली. कंपनी एक रंगीत पुस्तिका काढणार होती, 'सत्तर वर्षांची एकच चव'. छापायच्या आधी तिचं मराठी करायला माझ्याकडं दिलं, कामगारांना वाटायची होती. मी ती वाचली आणि डोकं फिरलं. एडिथ थॉर्नली नावाची विधवा बाई, समुद्रकाठच्या गावात शाळेत स्वयंपाक करायची. चोपन्न साली रेशनिंग उठलं तेव्हा तिनं कॉफी भाजायच्या जुन्या भांड्यात शेंगदाणे भाजून वाटले आणि सायकलवरून घरोघर विकले. एकाहत्तर साली कंपनी एका बिस्किटवाल्यानं घेतली. अठ्ठ्याहत्तरमध्ये एडिथच्या नातीनं 'हनी रोस्ट' नावाचा प्रकार काढला, तो पुढं बंद पडला. अठ्ठ्याऐंशीत कंपनी पुन्हा विकली, पुढं आणखी एकदा. ह्यात एडिथच्या सायकलीचा फोटो आहे. तिच्या मांजराचा आहे, मांजराचं नावही आहे. आणि कोल्हापूर? एक ओळ. 'आज आमचे शेंगदाणे पूर्वेकडच्या सूर्यप्रकाशित शेतांतून येतात.' एवढंच. तीस वर्षं जिच्या नाकावर धंदा चालला ती बाई सूर्यप्रकाशात विरघळून गेली आणि मांजर मात्र नावानिशी अजरामर झालं.

मी तावातावानं कारखान्यात गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत रत्नाक्कांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. एकच चव म्हणतात ते मात्र त्यांना पटलं नाही. त्यांच्या देखत ती तीनदा बदलली होती. एकदा मीठ कमी झालं, एकदा तेल बदललं, एकदा भाजणी. तारखांसकट सांगितलं त्यांनी. मांजराबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

मी वर्षाराणीच्या मागं लागलो, तिनं अमरसिंहांना गाठलं, त्यांनी इंग्लंडला लिहिलं. आणि आश्चर्य म्हणजे तिकडून होकार आला. सत्तरीनिमित्त ते जुना हनी रोस्ट पुन्हा आणणार होते, कोल्हापुरातच बनवून. नमुने पाठवतो, म्हणाले, तुमच्या बाईंना चाखू द्या. त्या जे म्हणतील ते त्यांच्या नावानं आणि फोटोसह पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापू, बाटलीच्या लेबलवरही छापू. मला झालेला आनंद काय सांगू. थॉर्नलीच्या इतिहासात कोल्हापूरचं पहिलं नाव जाणार होतं आणि ते मी घालवलं होतं, म्हणजे घालायला लावलं होतं.

नमुन्यांबरोबर कागद आला. चार वाट्या, चार नावं. घटक लिहायचे नाहीत असा चव घेण्याचा नियमच आहे, नाहीतर माणूस वाचूनच चव ठरवतो. नावं अशी होती: लाइट रोस्ट, गोल्डन रोस्ट, डार्क रोस्ट, हनी रोस्ट. मी बघितलं. फिकी, सोनेरी, गडद. म्हणजे रंग. मग चौथाही रंगच. शाहूपुरीत माझ्या दुकानाशेजारी फर्निचरचं दुकान आहे, तिथं सागवानाला 'हनी' नावाचं पॉलिश मारून देतात. माझ्या कपाटाला तेच आहे. त्यात मध नसतो हे मला कोणी सांगायला नको होतं.

तरी हात क्षणभर थांबला. मधाळ भाजणी, मधाच्या रंगाची भाजणी, असं काहीतरी लिहावं का? आणि मग मला ते लोण्याचं प्रकरण आठवलं. म्हटलं, रत्नाक्का वाचणार आहेत. नुसत्या रंगासाठी मधाचं नाव कशाला काढा? उगीच त्यांच्या मनात किंतू येईल, पुन्हा हात बांधून बसतील, आणि ह्या वेळी फोटो आणि नाव सगळंच जाईल. मी लिहिलं, 'तांबूस-सोनेरी भाजणी'. आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

वर्षाराणीला चौथ्या वाटीत मध आहे हे माहीत होतं. पण तिचा हिशेब साधा होता. नावातच मध आहे, आकारामकाकांनी मराठीत ते लिहिलं असणारच, ज्याला चालत नाही तो आपणहून वाटी बाजूला सारेल. माझ्यावर तिचा विश्वास होता.

चव घेतली गेली त्या दिवशी मी तिथं नव्हतो. दुपारी तीनला शेऱ्यांचे कागद दुकानात आले. रत्नाक्कांचा कागद वरच होता. पहिल्या वाटीला सहा, दुसरीला आठ, तिसरीला पाच, करपट. चौथीपुढं त्यांच्या गोल, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: 'ही चव मला ओळखता येत नाही. कशाची आहे सांगता येत नाही. आजवर जे चाखले त्यात सगळ्यात चांगली. जिभेवरून जाऊ नये असे वाटते. १० पैकी १०.'

मी तो कागद तीनदा वाचला. मग शेजारच्या फर्निचरवाल्याला वाचून दाखवला. छापण्यासारखं वाक्य मिळालं होतं. मी त्याचं इंग्रजी करायला बसलो, आणि त्याच वेळी वर्षाराणीचा दुसरा मेल आला. नव्या बाटलीच्या लेबलचा मजकूर, मराठी करण्यासाठी. घटक: भाजलेले शेंगदाणे, मध अकरा टक्के, मीठ.

लगेच वर्षाराणीला फोन लावला. तिनं माझा मराठी कागद काढून बघितला. मग म्हणाली की तुम्ही मध लिहिला नव्हता? आणि पुढं तिनं जे सांगितलं त्यानं मी उठून उभा राहिलो. रत्नाक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याकडं काही मागितलं होतं. चौथ्या वाटीतल्या मालाची एक बाटली, नातीसाठी. आदिती तिचं नाव, नऊ वर्षांची. चाखून मागितली म्हणजे मध चालत असेल असं समजून वर्षाराणीनं ती दिली, आणि बाटली पिशवीत घालून रत्नाक्का चारच्या गाडीनं घरी गेल्या होत्या.

शाहूपुरी ते हेरले मोटारसायकलवर अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात जे आलं ते लिहितो, लाज वाटते तरी लिहितो. कुणाला काही कळायची गरज नाही असं मनात आलं. बाईंनी मध कधी चाखलेलाच नाही, त्यांना चव ओळखू येणार नाही. लेबलवर त्यांचं नाव घालायचं नाही म्हटलं की संपलं. नातीची बाटली काहीतरी कारण सांगून परत घ्यायची, माल खराब निघाला म्हणायचं. पण मग डोळ्यांपुढं आलं की खराब निघाला म्हटल्यावर त्या पहिल्यांदा बाटली उघडून वास घेतील. त्या बाईपुढं शेंगदाण्याबद्दल खोटं बोलायची माझी छाती नव्हती. खरं सांगायला गेलो ते असं, काही फार मोठेपणानं नाही.

पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ऊन अजून होतं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून रत्नाक्का चुलीशी होत्या आणि धनपाल सोप्यात बसले होते. आदिती जैन मंदिरातल्या पाठशाळेतून अजून यायची होती. बाटली कोनाड्यात होती, झाकण तसंच बंद. मला बघून रत्नाक्का हसत बाहेर आल्या, म्हणाल्या, कागद बघितलासा न्हवं? धनपालांनी बसायला सांगितलं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "आक्का, त्या चौथ्या वाटीत मध होता."

त्यांना आधी कळलंच नाही. "मध? कागदावर तर न्हवतं की."

"होतं. इंग्रजीत होतं. मराठी करताना मी गाळलं."

मग मी सगळं सांगितलं. रंगाचं, पॉलिशचं, लोण्याच्या प्रकरणाचं, तुम्हाला उगाच शंका नको म्हणून शब्द काढला ते. सांगताना मला स्वतःलाच ते ऐकवेना. धनपाल उठले आणि म्हणाले, "पावणं, अक्कल गहाण ठिवल्यासा व्हय?" रत्नाक्कांनी हातानं त्यांना थांबवलं. तोच हात मग त्यांनी तोंडावर ठेवला आणि खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"पस्तीस वर्सं झाली नेमाला," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडं बघून, "इच्यारायचं हुतं की. एक फोन लागत हुता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो की चूक माझी आहे, ती मी निस्तरतो. कागद अजून इंग्लंडला गेलेला नाही. तो शेरा मी पाठवतच नाही, किंवा दहाचे सात करतो आणि दोन साधी वाक्यं लिहितो, कुणाला काही कळणार नाही.

एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो तेव्हा ऐकला.

"तुमी पुन्ना गाळणार व्हय? नेम मोडला त्यो माझा मोडला. त्याचं काय करायचं ते मी आन् महाराज बगून घिऊ. पर जिभेला जे लागलं ते लागलं. आज धाचं सात केलं, तर उद्या मी खवट म्हटल्यावर कोण खवट म्हनंल?"

मी खिशातून कागद काढून दिला. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आदितीची पेन्सिल घेतली, मग पेन्सिल नको म्हणून पेन मागितलं. आपल्याच शेऱ्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं: 'वरील चव मधाची आहे. मी जैन आहे, मला मध चालत नाही. न कळता चाखला. चव जी लिहिली ती खरी आहे.' खाली सही केली. ह्यातलं एक अक्षर सोडायचं नाही असं मला बजावलं. नाव आणि फोटो मात्र काढून टाका, म्हणाल्या, मधाच्या बाटलीवर माझं नाव नको, पाठशाळेतली पोरं बघतील. मी म्हणालो की आक्का, पुस्तिकेतही मग तुमचं नाव येणार नाही, सत्तर वर्षांत कोल्हापूरचं एकही नाव नाही. त्यावर त्या म्हणाल्या की आतापर्यंत नव्हतं तेव्हा काय शेंगदाणे भाजायचे राहिले होते का.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आणि धनपाल महाराजांकडं गेले. रत्नाक्कांनी प्रायश्चित्त म्हणून वर्षभर गोड सोडलं. कारखान्यात तेवढं वर्ष गोड प्रकार दुसरं कोणीतरी चाखायचं, त्या वासावरून सांगायच्या. मी त्यांचा शेरा खालच्या चार ओळींसकट इंग्लंडला पाठवला, आणि जोडून कॅलेंडरवरच्या त्या गोल केलेल्या तारखांचं खरं कारणही. उत्तरात माफी मागितलेली होती आणि मध असलेल्या नमुन्यांवर ते इथल्या भाषेत ठळक लिहायचा नियम केल्याचं कळवलं होतं. पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर फोटोच्या जागी बाटलीचं चित्र आहे. वर्षाराणीनं मला फार बोल लावला नाही, पण आता ती माझा प्रत्येक कागद मूळ इंग्रजीशी ताडून बघते, आणि ते बरोबरच आहे.

त्या संध्याकाळचं थोडं राहिलं. मी जायला निघालो तेव्हा रत्नाक्कांनी कोनाड्यातली बाटली काढून माझ्या हातात दिली. टाकून देऊ नका, घरी न्या, असं सांगितलं. मी मान खाली घालून ती घेतली. दारापर्यंत सोडायला त्या आल्या आणि तिथं थांबून त्यांनी विचारलं,

"तुमच्यात म्हणं बाळ जल्मलं की पयल्यांदा त्याच्या जिभेला हेच लावत्यात?"

मी म्हणालो, व्हय, मधच, सोन्याच्या अंगठीनं लावतात.

त्यांनी बाटलीकडं बघितलं. "मग बरं करतासा," त्या म्हणाल्या, आणि आदिती यायची वेळ झाली म्हणून आत गेल्या.